झाडाची मूठ

अंगणातलं झाड झडायला लागलं की या घरात रजया उसवायच्या, हे पहिल्यांदा कोणी ठरवलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. गाद्या-रजयांचं दुकान असलेलं घर. वर्षभर दुनियेच्या रजया शिवायच्या आणि स्वतःच्या मात्र पानगळीतल्या एका रविवारी, अंगणात, सगळ्यांनी मिळून. आदल्या दिवशी जुना कापूस दुकानातल्या यंत्रावर पिंजून आणायचा, रविवारी उन्हात पसरायचा, धुतलेल्या खोळींत भरायचा आणि ऊन उतरायच्या आत शिवून मोकळं व्हायचं. आजी होती तोवर ती खुर्ची टाकून सगळ्यांच्या चुका काढायची. आजी गेल्यापासून ते काम बाकीच्यांनी वाटून घेतलं होतं.

यंदा एक रजई जास्तीची होती, बाळाची. घरात नवं माणूस आलं की त्याच्या पहिल्या रजईत विकतचा कापूस भरायचा नाही. प्रत्येकाने आपापल्या रजईतला मूठभर कापूस स्वतःच्या हाताने त्या छोट्या खोळीत टाकायचा. टाकताना बाकीच्यांनी तोंड फिरवायचं, म्हणजे कोणाची मूठ केवढी यावरून पुढे बोलणी नकोत. हा नियम आजीचा. तिला आपली माणसं चांगली ठाऊक होती.

रविवार अगदी मागून घेतल्यासारखा मिळाला होता. ऊन होतं पण चटका नव्हता. झाडाने रातोरात निम्मी पानं खाली टाकली होती. सुनेने खराट्याने लावलेला ढीग भिंगरीने उड्या मारून पार विस्कटला होता. भिंगरी ही थोरली नात, पाच वर्षांची. एका जागी बसली तर ताप आलाय असं समजायचं. आठ महिन्यांचं बाळ चटईवर उशांच्या कुंपणात बसून एक पान तोंडात घालायच्या खटपटीत होतं.

"अगं, काढ ते त्याच्या तोंडातून," सून म्हणाली.

"त्याला आवडतंय."

"त्याला चप्पलही आवडते. काढ."

मग तिने खराटा टाकला आणि स्वतःच त्या ढिगात बसली. भिंगरीने तिच्या डोक्यावर ओंजळभर पानं ओतली. नवरा कापूस झटकता झटकता हसला. आजचा दिवस संपूच नये असं सुनेला मनापासून वाटत होतं. उद्या पहाटे तिची रजा संपत होती. ती शहर-बस चालवते. बाळंतपणाची रजा एकदा वाढवून झाली होती. आता हजर झाली नाहीस तर तुझा मार्ग दुसऱ्याला देऊ, असं डेपोतून साफ सांगितलं होतं. बाळ आबांजवळ राहणार होतं. आबा म्हणजे तिचे सासरे. सगळं जागच्या जागी बसलं होतं. म्हणूनच फाटकाशी नणंद उभी दिसली, तीही हातात भलीमोठी पेटी घेऊन, तेव्हा ती अंगावरची पानं झटकत घाईने उठली.

"ताई, या ना. कळवलं असतं तर..."

"कळवलंय की," ताई म्हणाली आणि भावाकडे बघितलं. भाऊ एकाएकी कापसात फारच गुंतला.

ताईचं चष्म्यांचं दुकान आहे. पेटीत तपासायची भिंगं होती आणि गुंडाळलेला अक्षरांचा तक्ता होता. चहा व्हायच्या आतच तिने तो स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवला.

"हे काय काढलंयस?" आबांनी विचारलं.

"तुमचे डोळे तपासायचेत. बसा त्या स्टुलावर."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"टाके वाकडे जातायत म्हणे."

"कोण म्हणे?"

ताईने तक्त्याचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. सून दारात उभी होती. तिच्याकडे न बघताच ताई म्हणाली, "उद्यापासून एवढंसं पोर त्यांच्यावर टाकून जाणार तू. मनात आलं नाही का एकदा तपासून घ्यावं?"

"टाकून जाणार नाहीये मी. आबांजवळ ठेवून जाणार आहे," सून म्हणाली.

"शब्द बदलला म्हणून गोष्ट बदलते का? मी त्यांना न्यायला आलेय. थंडी माझ्याकडे काढतील. पुढचं पुढे बघू."

आता ताईच्या मनातलंही सांगून टाकायला हवं, कारण ती स्वतः सांगायची नाही. तिचा मुलगा नोकरीसाठी दूर गेला होता आणि त्याच्या खोलीला तिने मागच्याच आठवड्यात रंग दिला होता. पलंग खिडकीशी सरकवला होता. आबांना सकाळचं ऊन लागतं म्हणून. बापाचे डोळे अधू निघावेत असं कोणत्या लेकीला वाटेल? तिलाही वाटत नव्हतं. पण निघालेच तर बरं, एवढं मात्र वाटत होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

"वाचा."

आबांनी एक डोळा झाकला आणि वरपासून खालपर्यंत वाचत गेले. मग दुसरा झाकून वाचलं.

"सगळ्यात खालची?"

"ती झाली की. त्याच्याखाली छापणाऱ्याचं नाव आहे. तेही वाचू?"

भिंगरी खिदळली. पदर नव्हता म्हणून सुनेने हसू लपवायला तोंडावर फडकं धरलं. ताईने जवळचं तपासलं, दिवा लावून आत बघितलं, भिंगं बदलली. शेवटी तिने पेटी मिटली.

"डोळे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. आणि ताई कशीही असली तरी खोटं बोलत नाही, म्हणून पुढे म्हणाली, "चुकलं माझं. ऐकीव गोष्टीवर धावत आले. ज्याने फोन केला त्याचेच तपासायला हवेत."

"फोन कोणी केला?" सुनेने विचारलं.

दोघींनी खिडकीतून बाहेर बघितलं. सुनेचा नवरा अंगणात पाठमोरा होता.

"बरं झालं तुम्ही आलात ताई," सून म्हणाली आणि पहिल्यांदा मोकळं हसली. "जेवल्याशिवाय जायचं नाही. तुमचीही मूठ हवीच आहे." सकाळपासून एकमेकींना पाण्यात बघणाऱ्या या दोघी बाहेर आल्या त्या एका बाजूला होऊन, आणि त्याला कापसाच्या ढिगाआड लपायला जागा उरली नाही.

"डोळे ठणठणीत आहेत," ताईने भावाला सुनावलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"मग टाके?"

"होतं कधीकधी."

मुठींचा कार्यक्रम सुरू झाला. आबांनी पहिली मूठ टाकली, मग ताईने. तिची जुनी रजई या घरात अजून ठेवलेली होती. मग नवरा-बायकोने. प्रत्येक वेळी बाकीच्यांनी इमानदारीत तोंडं फिरवली. भिंगरीची पाळी आली तेव्हा तिने हात मागे घेतले.

"मी देणार नाही. माझी रजई पातळ होईल."

"एका मुठीनं पातळ होत नाही गं," तिचा बाप म्हणाला.

"मग त्याला दोन द्या तुम्ही."

"सगळ्यांनी दिली भिंगरे. आत्यानेसुद्धा दिली, आणि आत्या काय सहज काही देते का?"

"मी इथेच उभी आहे," ताई म्हणाली.

भिंगरीने बराच विचार केला. मग म्हणाली, "बरं. पण कोणी बघायचं नाही."

सगळे झाडाकडे तोंड करून उभे राहिले. वारा सुटला होता, वरून पानं येत होती, खालची सरकत होती, सगळं अंगण सळसळत होतं. पोरीने वेळ लावला. झालं म्हणाली तेव्हा तिची मुद्रा इतकी शहाण्यासारखी होती की कोणाला तरी संशय यायला हवा होता.

मग आबा मांडी घालून बसले. खोळीत कोपरापर्यंत हात घालून कापूस सारखा पसरायचा, हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी करू दिलं नाही. आत डोळ्यांचं काही चालत नाही. पिंजून झालेल्या कापसात एखादी सरकी राहिली तरी त्यांच्या बोटाला टोचायची, आणि ती काढून ते शेजारच्या वाटीत टाकायचे. दुकानाचं नाव झालं ते त्या वाटीवर. आज त्यांनी हात घातला, चारी कोपऱ्यांना फिरवला, बाहेर काढला, आणि सुई घेतली. वाटी रिकामी होती.

आबांचा मुलगा समोरच बसून मोठी रजई टाचत होता. त्याची नजर आबांच्या हातावर होती. सुई वरून खाली गेली, वर आली आणि डाव्या हाताच्या बोटात घुसली. आबा थांबले नाहीत. पुढचा टाका घातला. पांढऱ्या खोळीवर लाल ठिपका उमटला.

"आबा, जरा ती कात्री द्या," मुलगा म्हणाला. आबा वळले तेवढ्यात त्याने थुंकी लावून ठिपका पुसला. दुकानात तो गेले कित्येक दिवस हेच करत होता. कधी पुसायचा, कधी खोळच बदलायचा. ताईला फोन केला तेव्हाही हे ओठावर आलं होतं, पण बोलला तो टाक्यांबद्दल. डोळे म्हटलं की चष्मा असतो. बोटांना कुठला चष्मा लावायचा, ते त्याला ठाऊक नव्हतं.

दुपारी वारा पडला. रजया घरात आल्या. पुढच्या खोलीत जमिनीवर बाळाची रजई अंथरली आणि सुनेने बाळाला तिच्यावर ठेवलं.

कुरकुर आवाज झाला.

बाळ थबकलं. मग खूश होऊन पालथं पडलं. पुन्हा कुरकुर. भिंगरी एकदम भिंतीवरचं घड्याळ बघायला लागली, जे तिला अजून वाचता येत नव्हतं.

"कसला आवाज आहे?" ताई म्हणाली.

बाळाने गाल रजईवर घासला आणि किंचाळलं. सुनेने झडप घालून उचललं. गालावर लांब ओरखडा होता, डोळ्याच्या अगदी खाली. तिने तळहात खोळीवरून फिरवला तर एक काडी कापड भोसकून वर आली होती. तिने शिवण दातांनी तोडली आणि हात आत घातला. पानं निघाली. वाळलेली, मोडलेली, देठांसकट. एक चांगली बोटभर डहाळी निघाली.

"भिंगरे."

"ती झाडाची मूठ आहे," भिंगरी म्हणाली आणि तिचा ओठ लोंबायला लागला. "सगळ्यांनी दिली. झाडानं नाही दिली. मी झाडाची दिली."

कोणी तिला रागावलं नाही. कारण कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं.

"आबा," सून हळू म्हणाली, "तुम्ही आत हात फिरवलात ना?"

"फिरवला."

"मग?"

आबांनी डहाळी हातात घेतली. बोटांत फिरवून बघितली. "लागली नाही हाताला," ते म्हणाले. "काहीच लागत नाही. उन्हाळ्यापासून. बोटांची टोकं गेलीत माझी."

सुनेने हुंदके देणारं बाळ खांद्याशी घेतलं.

"आणि तुम्ही बोलला नाहीत," सून म्हणाली. तिचा आवाज आता हळू नव्हता. "उद्या पहाटे मी याला तुमच्या हातात देणार होते. या हातांत. दूध किती गरम आहे ते कसं बघणार होतात? आंघोळीचं पाणी?"

"मला वाटलं, सांभाळेन."

"मलाही तसंच वाटलं होतं. सगळ्यांशी भांडत होते मी तुमच्यासाठी. आज सकाळी ताईंशी भांडले."

"अगं, हळू. त्यांना काय कमी वाईट वाटतंय?" ताई म्हणाली. सकाळी न्यायला आलेली ताई आता बापाच्या बाजूला सरकून बसली होती. तिने त्यांची बोटं हातात घेतली, एकेक उलटी करून बघितली. टोचल्याच्या बारीक खुणा होत्या, नव्या आणि जुन्या. "याला ठाऊक होतं," ती भावाकडे बघून म्हणाली. "हो ना रे? तुला डोळ्यांचं काही वाटलंच नव्हतं."

मुलगा म्हणाला, "रक्त पुसत होतो मी."

"आणि मला?" सुनेने विचारलं. "बहिणीला फोन. मला काय?"

"तुला सांगितलं असतं तर तू कामावर गेली नसतीस."

"मग जाऊ का आता? सांग की. याला गळ्यात बांधून बस चालवू?"

ब्रेकची खात्री नसेल ती गाडी आम्ही डेपोबाहेर काढत नाही, एवढं एक वाक्य तिच्या तोंडाशी आलं. आबांचा चेहरा बघून तिने ते गिळलं. हा माणूस तिच्या पहिल्या बाळंतपणात रात्र रात्र बसून होता. तिला रडू आलं आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदमच होतं.

आबा मात्र शांत होते. खरं सांगायचं तर त्यांना हलकं वाटत होतं. उन्हाळ्यात पहिल्यांदा सुईचा दोरा हातात आहे की नाही ते कळेना, तेव्हा ते घाबरले होते, आणि भीती इतके दिवस एकट्याने वागवली होती. हात गेले म्हणजे आपण गेलो, असं ते धरूनच चालले होते. लेकीकडे जायचं. खिडकीशी बसायचं. खोलीला रंग दिलाय हे तिने बोलता बोलता सांगितलं होतं, आणि ती का बोलली तेही त्यांना कळलं होतं.

"मी बाळाला उचलणार नाही," ते म्हणाले. "हे आधी ठरलं. दूध नाही, पाणी नाही, कडेवर घेणं नाही. ताई नेते म्हणते तर जातो."

"नाही," सून म्हणाली. इतक्या पटकन की सगळ्यांनी वर बघितलं. ती गाल पुसत म्हणाली, "मी रागावलेय. जा म्हटलेलं नाही."

"मग पहाटे काय करायचं?" ताईने विचारलं. घोडं तिथेच अडलं होतं.

सून नवऱ्याकडे वळली. "दुकानात सकाळी कोण येतं?"

"दहाच्या आधी कोणी नाही. शिवणच असते."

"मग ती शिवण इथे आण. या खोलीत. माझी बसची पाळी संपेपर्यंत तुझे हात आणि आबांचे डोळे. तू भरवशील, उचलशील, दूध देशील. हे लक्ष ठेवतील. मला वाटतं दोघांचं मिळून एक माणूस होईल."

"पाळी संपते बाराला. आणि दहानंतर गिऱ्हाईक आलं तर?"

"तर फाटकावर हाक मारेल. दुकानाला पाटी लाव. घर काय एवढं लांब आहे?"

त्याने मान डोलावली. आढेवेढे घेण्याची त्याची आज पत नव्हती. ताई म्हणाली, "मंगळवारी मी येते आणि यांना डॉक्टरकडे नेते. बोटांवर काहीतरी इलाज असेलच. नाहीतर नसेल. पण नेते." मग कोणाकडेच न बघता म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही याल. पलंगसुद्धा हलवला होता."

"हलवलायस तर राहू दे तसाच," आबा म्हणाले. "रविवारी येईन ना. तुझ्याकडे ऊन चांगलं असतं."

ताईने नाक शिंकरलं आणि रजई पुढे ओढली. दोघींनी मिळून एकेक पान वेचलं. सुनेने प्रत्येक कोपरा चाचपला, मग ताईने चाचपला, मग पुन्हा सुनेने. भिंगरी कोपऱ्यात उभी होती. शेवटी आत गेली, आपल्या रजईची एक शिवण दाखवून बापाकडून उसवून घेतली आणि कापूस घेऊन आली. मूठ लहानच होती.

"बघू नका," ती म्हणाली.

सगळ्यांनी तोंडं फिरवली. आबांनीसुद्धा.

या वेळी शिवण मुलाने घातली. संध्याकाळचं ऊन खिडकीतून जमिनीवर आलं होतं. आबा भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीखाली दाबून. बाळ रांगत त्यांच्यापाशी आलं, गुडघ्यावर चापट्या मारू लागलं. त्यांनी सुनेकडे बघितलं.

"द्या हात," ती म्हणाली. "मी बसलेय इथे."

आबांनी एक हात बाहेर काढला आणि जमिनीवर उपडा ठेवला. बाळाने रजई ओढली, स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तिच्याखाली त्या हाताशी काहीतरी चालवलं. वरून फक्त कापड हलताना दिसत होतं. मग तेही हलायचं थांबलं.

आबांना कापडाखालचं काही दिसत नव्हतं.

"भिंगरे," त्यांनी विचारलं, "धरलंय का गं त्यानं?"

भिंगरीने जमिनीला गाल टेकवून रजईचा काठ उचलला आणि आत डोकावलं.

"धरलंय. बोट धरलंय. दोन्ही हातांनी."

"बरं," आबा म्हणाले. "मग मी हलत नाही."